सारवणार कोण?

सध्या मुक्काम पोस्ट रायपूर, छत्तीसगड. नोकरीतली ही चौदावी बदली. चौदा वेळा सामान बांधलं, घर मात्र अजून एकदाही बांधलं नाही.

फौजेत कर्नल चोपन्नाव्या वर्षी 'घरी जातो'. माझी सात वर्षं उरली आहेत. 'घरी जातो' हे आपण सहज म्हणतो, पण कुठल्या घरी, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांचं ठरलेलं नसतं. आमच्या एनडीए कोर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी कुणाला कुठलं युनिट मिळालं याची चर्चा असायची. आता फ्लॅटचा कार्पेट एरिया, कर्जाचे हप्ते आणि गुडघ्यांची ऑपरेशनं एवढेच विषय उरलेत. बहुतेकांनी पुण्यात नाहीतर दिल्लीच्या आसपास फ्लॅट घेऊन ठेवले आहेत. शहाणी माणसं आहेत.

मला मात्र गावी जायचं आहे. गोंदिया जिल्ह्यात आमचं गाव. तिथे वडिलांचं मातीचं, कवेलूंचं घर होतं. वडील गेल्यावर ते बंद पडलं आणि चार पावसाळ्यांत खाली बसलं. आता तिथे जोत्याचे दगड, एक आंब्याचं झाड आणि विहीर एवढंच उरलंय. त्याच जोत्यावर तसंच घर पुन्हा उभं करायचं, हे माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं. रायपूरला आलो आणि त्याची वही झाली.

आता रायपूर हे काही मातीच्या घराची स्वप्नं पडण्याचं गाव नाही. बलौदाबाजारकडे निघालात की सिमेंटचे कारखाने, उरला-सिलतराकडे गेलात की लोखंडाचे. शेजारच्या भिलाईत तर १९५९ पासून पोलाद ओतलं जातंय. अख्ख्या देशाच्या स्लॅबला पुरेल एवढा माल इथून निघतो. पण शहर सोडून वीस किलोमीटर आत गेलं की गाडी थांबवावीशी वाटणारी घरं अजून दिसतात. जाड मातीच्या भिंती, वर खापरा म्हणजे आपले कवेलू, पुढे परछी म्हणजे आमच्याकडची छपरी, मध्ये अंगण, आणि भिंतींवर 'छुही' या पांढऱ्या मातीचा हात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे तर आमचंच घर! त्यात नवल काही नाही. १९५६ पर्यंत आमचा जुना भंडारा जिल्हा आणि हे रायपूर एकाच राज्यात होते. भात तोच, तलाव तसेच, पाऊसही तेवढाच, बाराशे-तेराशे मिलिमीटर. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी छपराचा उतार बदलत नाही.

तर वही. डावीकडे रेघी, उजवीकडे चौकटी, शाळेत विज्ञानाला असायची तशी. पहिल्या पानावर मी तीन शब्द लिहिले: छोटं. थंड. लो मेंटेनन्स. यातला तिसरा शब्द पुढे माझ्या अंगाशी आला, ते सांगतोच.

छोटं का, ते फौजेतल्या माणसाला समजावायला नको. एनडीएत एक केबिन, त्यात खाट, कपाट, टेबल आणि एक काळी ट्रंक. तीन वर्षं त्याहून जास्त काही लागलं नाही. पुढे लग्न झालं आणि ट्रंकांची संख्या दर बदलीला वाढत गेली. मागच्या वेळी सामान उतरवून घेताना लक्षात आलं की अकरा खोकी आम्ही सलग तीन ठिकाणी न उघडताच फिरवली आहेत. एकात नुसते पडदे होते, अशा खिडक्यांचे ज्या आता भारताच्या दुसऱ्या टोकाला आहेत. माणसाला किती जागा लागते हा प्रश्न वेगळा आणि त्याच्या सामानाला किती लागते हा वेगळा. आपण घरं बहुधा दुसऱ्या प्रश्नाची बांधतो. म्हणून ठरवलं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे-मागे छपरी. सातशे चौरस फूट. बस.

थंड का, ते मे महिन्यात रायपूरच्या क्वार्टरमध्ये राहून कळतं. पारा चव्वेचाळीसवर जातो. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री अकरापर्यंत खाली आग ओतत असते. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेरचा वारा पडवीतून फिरायला लागलेला असतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वरच्यावर निघून जाते. यात जादू काही नाही. जाड भिंत, उतरतं छप्पर आणि भिंतीवर ऊन पडू न देणारी लांब वळचण, एवढाच हिशोब आहे.

मातीबद्दल मी भाबडा मात्र नाही. मातीनं माझ्यासमोर जीव घेतलेले आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये मी लडाखमध्ये होतो. पाचच्या रात्री लेहवर ढगफुटी झाली. जिथे वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो, तिथली घरं पावसासाठी बांधलेलीच नव्हती. चिखलाच्या लोंढ्यापुढे सिमेंटच्या इमारतीही टिकल्या नाहीत, हे खरं. पण काँक्रीटच्या ढिगाऱ्यात निदान पोकळ्या राहतात, माणूस सापडतो. कच्च्या विटांच्या भिंती ढिगारा झाल्याच नव्हत्या, त्या परत चिखल झाल्या होत्या. आम्ही फावड्यांनी खणत होतो आणि खाली काय आहे ते फावडं लागेपर्यंत कळत नव्हतं.

त्याच्या उलटही पाहिलंय. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर मी कॅप्टन असताना उरीकडे मदतीला होतो. नव्या पद्धतीची दगड-सिमेंटची घरं बसली होती आणि त्यांच्या शेजारी 'धज्जी-दीवारी'ची जुनी घरं, लाकडाच्या चौकटीत दगडमाती भरलेली, गिलावा झाडून उभी होती. चौकटीमुळे भिंतीला हलायला जागा होती. या दोन गोष्टींतून मी एवढंच शिकलो की माती चांगली किंवा वाईट नसते. तिला पाय कोरडे लागतात आणि डोक्यावर छत्री लागते. जोतं उंच, वळचण लांब. हे दोन्ही असेल तर माती शंभर वर्षं उभी राहते, नसेल तर एका रात्रीत जाते.

मग वाचन सुरू केलं. लॉरी बेकर वाचले. हा इंग्रज वास्तुविशारद १९४५ मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला. पुढे केरळात त्यांनी स्वस्त, हवेशीर, विटांची असंख्य घरं बांधली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून व्हावं, ही गांधीजींची गोष्ट त्यांनी आयुष्यभर धरून ठेवली. मी गावाभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढलं. नकाशा वाचण्याची आयुष्यभराची सवय आहे, दुसरं काय! वर्तुळात काय काय आलं: तांबडी माती, मुरूम, बांबू, जोत्याचे जुने दगड, तलाव. आलं नाही ते म्हणजे चांगला गवंडी आणि हातचे कवेलू घडवणारा कुंभार. सामान होतं, माणसं नव्हती. तेव्हा ही नोंद मी कोपऱ्यात केली आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

डिसेंबरात आई रायपूरला आली. धाकट्या भावाकडे नागपूरला, तिसऱ्या मजल्यावर राहते. वय पंचाहत्तर. वंदे भारतने एकटी आली याचा तिला फार अभिमान. पहिल्याच रविवारी मी तिला नवा रायपूरच्या पुरखौती मुक्तांगणात घेऊन गेलो. २००६ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सुरू झालेली ही जागा. छत्तीसगडच्या आदिवासींची घरं, देवगुड्या, मूर्ती, सगळं मोकळ्यावर मांडलेलं. मला वाटलं होतं, आईचे डोळे भरून येतील. तिनं एका घराच्या भिंतीवरून तळवा फिरवला, बोटांना लागलेली माती पाहिली आणि विचारलं, "हे कोन पोतारते?"

"कामाला माणसं असतील," मी म्हणालो.

"पगारी?"

"हो."

"मंग बरोबर हाय," असं म्हणून ती पुढे गेली.

संध्याकाळी मी वही काढली. डायनिंग टेबलवर नकाशा पसरला. इथे तुझी खोली, इथे छपरी, इथे आंबा तसाच ठेवायचा, भिंती मातीच्या, खाली शेणानं सारवलेली जमीन, अगदी आपल्या घरासारखी. आईनं चष्मा लावून सगळं नीट पाहिलं. फौजी ब्रीफिंग संपलं की शेवटी जशी शांतता होते तशी झाली. मग म्हणाली, "चांगलं हाय बाबू. पन सारवीन कोन?"

मी हसलो. ती हसली नाही.

"तुले आठवते थंडगार जमीन. उन्हाळ्यात शाळेतून आला का पालथा पडत होता छपरीत. तुह्या बाबाले आठवे पाहुन्यांनी केलेली तारीफ. मले माहे गुडघे आठवतात."

आणि मग तिनं हिशोब सांगितला. रोज पहाटे अंगणात सडा. रोज चूल आणि चुलीपुढची जागा. आठ दिवसांनी माजघर आणि छपरी, सणाच्या आदल्या दिवशी पुन्हा. दिवाळीआधी सगळ्या भिंती पोतारायच्या, आतून-बाहेरून. भात निघाला की खळं. जूनच्या आत कवेलू फेरायचे. ते काम बाबा आणि गडी करत, पण खालून कवेलू देणारी तीच. शिवाय हे सगळं करायला शेण लागतं, म्हणजे जनावरं आली, म्हणजे गोठा आला. घर एकच, पण ते रोज थोडं थोडं परत बांधावं लागायचं. त्या बांधकामाला कुणी बांधकाम म्हटलं नाही.

ती झोपल्यावर मी आकडे मांडले. आठवड्याला फक्त सहा तास धरले तरी वर्षाला तीनशे बारा. तिनं हे चाळीस वर्षं केलं. बारा हजार तासांहून जास्त. आणि वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: लो मेंटेनन्स. मेंटेनन्स कमी नव्हताच. तो फक्त मला दिसत नव्हता, कारण मी त्या थंड जमिनीवर पालथा पडलेलो होतो.

पुढचे काही दिवस वही उघडली नाही. पण जे जे वाचलं होतं ते आता वेगळं दिसायला लागलं. सेवाग्रामची बापू कुटी आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. माती, बांबू, कवेलू. गांधीजी पुढे जिथे राहायला गेले, ती कुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारलेली, भिंतीवरची मातीतली ताडाची झाडंही त्यांच्याच हातची. आपण म्हणतो, बघा, मातीचं घर अजून टिकलंय. ते टिकलं कारण आश्रमातले लोक त्याला आजही हात लावतात. आफ्रिकेत मालीमध्ये जेने नावाच्या गावी १९०७ साली बांधलेली मातीची प्रचंड मशीद आहे. ती उभी आहे कारण दरवर्षी अख्खं गाव एका दिवशी जमून तिला लिंपतं. पुरुष शिड्यांवर, बाया पाणी वाहतात, पोरं चिखल तुडवतात, तो सणच असतो. माझ्या आईकडे गाव नव्हतं. ती एकटीच होती.

एका संध्याकाळी मी तिला सोनाबाई रजवार यांची गोष्ट सांगितली. उत्तरेला सरगुजात पुहपुटरा म्हणून गाव आहे, तिथल्या या बाई. घराबाहेर जाणं जवळजवळ नाही, सोबतीला लहान मूल. त्यांनी घरातल्याच मातीतून पोरासाठी खेळणी केली, मग भिंतींवर पक्षी, माणसं, बकऱ्या. ऊन आत येतं म्हणून बांबूच्या पट्ट्यांची वर्तुळं वळून, त्यांवर माती लिंपून जाळ्या केल्या. ऊन अडलं, वारा आत आला. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी पाहतही नव्हतं. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनची माणसं तिथे पोचली आणि मग त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मीबी काढत होती. देवघराच्या भिंतीवर मोर. तुले आठवते?"

मला आठवत नव्हता. सत्तेचाळीस वर्षांचा झालो, ज्या घराच्या आठवणीवर नवं घर बांधायला निघालो त्या घराच्या भिंतीवर मोर होता हे मला माहीत नव्हतं.

"सारवनाचा कंटाळा नव्हता रे," ती म्हणाली. "कंटाळा एकटीनं करन्याचा होता. अन् दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी चिखलाचे पाय घेऊन त्याच्यावरून जान्याचा."

त्यानंतर वहीत नवा नियम लिहिला: जे काम सत्तराव्या वर्षी मला स्वतःला करता येणार नाही, किंवा पैसे देऊन गावातल्या माणसाकडून करून घेता येणार नाही, ते घरात ठेवायचं नाही. मग एकेक गोष्ट त्या नियमातून गाळली.

जोतं जुन्याच दगडांचं, अडीच फूट. पण चढायला पायऱ्यांसोबत एक उतार, कारण गुडघे आमचेही जाणार आहेत. भिंतींसाठी तिथलीच तांबडी माती, वाळू आणि पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या विटा. त्या भाजायच्या नसतात, म्हणजे लाकूड-कोळसा जळत नाही. माती चालेल का ते पाहायला गावची माती लोणच्याच्या बरणीत पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली. तळाला वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती, असे थर बसले. वाळू बऱ्यापैकी आहे, म्हणजे जमेल. आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, म्हणजे दर दिवाळीला पोतारणं नको.

छपरावर आईनं आधीच फुली मारली होती. हातचे कवेलू सुंदर दिसतात, पण वानरांची एक टोळी आली की दहा मिनिटांत शंभर फुटतात. आमच्या भागात लोक टिनाकडे वळले ते सौंदर्यदृष्टी गेली म्हणून नाही, माकडं आली आणि कुंभार गेले म्हणून. तेव्हा आमच्याकडे ज्याला 'इंग्रजी कवेलू' म्हणतात ते मंगलोरी. नाव इंग्रजी असलं तरी ते सुरू केले स्वित्झर्लंडच्या बाझल मिशननं, १८६५ मध्ये, मंगळूरला. दीडशे वर्षांत ते इतके इथले झाले की आपली कौलारू घरं म्हणजे तेच. परंपरा म्हणतात तीही कधीतरी कुणीतरी विचार करून बदललेलीच असते. वळचण साडेतीन फूट. सगळं मिळून छप्पर शंभर चौरस मीटर होतं. त्यावर बाराशे मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख वीस हजार लिटर. वाया जाणारं सोडून दिलं तरी विहिरीला आणि टाकीला भरपूर.

जमीन लाल फरशीची, पुसता येणारी. न्हाणीघर घराच्या आत, धरायला दांडे आणि कमोड. ही आईची अट, आणि बायकोनं लगेच अनुमोदन दिलं. बायकोची स्वतःची अट एकच: विंचू दिसला तर ती पुण्याला जाणार. दारं-खिडक्यांना जाळ्या आल्या. भाजलेल्या विटा आणि स्लॅब नाही म्हटल्यावर कर्जाच्या फॉर्ममध्ये हे घर 'पक्कं' या रकान्यात बसवायला मला बँकेत तीन चकरा माराव्या लागल्या, तो किस्सा पुन्हा कधी.

आणि एक जागा मी हट्टानं तशीच ठेवली. मागची छपरी, दहा बाय बारा. तिथे मातीची जमीन, शेणानं सारवलेली. आई म्हणाली, कशाला? मी म्हणालो, ही मी सारवणार. ती पहिल्यांदा मोकळं हसली. "आधी करून दाखव."

क्वार्टरच्या मागे पेरूच्या झाडाखाली सहा फूट बाय सहा फुटांचा तुकडा चोपून घेतला. शेजारच्या वस्तीतून शेण आणलं. आणताना गेटवरच्या जवानानं सॅल्यूट केला आणि बादलीत बघून चेहरा सरळ ठेवला, त्याला दाद दिली पाहिजे. आई खुर्ची टाकून बसली. "पानी जास्त झालं." "मागं सरकत ये, पुढं काय जातो?" "बोटं नाही, तळवा." छत्तीस चौरस फुटांना पन्नास मिनिटं लागली. बॅटल फिजिकल टेस्ट अजून वेळेत पास करणारा माणूस मी, पण उठताना पेरूच्या झाडाला धरून उठलो. आई काही बोलली नाही. उठून आत गेली आणि बामची बाटली घेऊन आली.

जानेवारीत ती नागपूरला परतली. निघताना नकाशावर देवघराच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाली, इथं फरशी-टाइल काही लावू नको, रिकामी ठेव. मी पेन्सिलीनं तिथे लिहून ठेवलंय: मोर.

सात वर्षं आहेत. तेव्हा आई ब्याऐंशीची असेल. म्हणून बांधकाम निवृत्तीची वाट न पाहता येत्या हिवाळ्यात जोत्यापासून सुरू करतोय.

मागचा तुकडा दर रविवारी सारवतो. पहिल्यांदा भेगा पडल्या, दुसऱ्यांदा कमी पडल्या. या रविवारी चौथी वेळ होती, चाळीस मिनिटांत झालं. सकाळचं तिरपं ऊन त्यावर पडलेलं पाहून मीच खूश झालो आणि आईला फोटो पाठवला. दोन मिनिटांत भावाच्या फोनवरून तिचा आवाज आला: "कोपरे सोडले तू."